नवमीला आणलेलं मशीन

टेपरेकॉर्डर सुरू झाला की अण्णा डोळे मिटायचा आणि एक बोट वर धरायचा. घरात कुणी बोलू नये म्हणून. कॅसेटमधून प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये जाताना रातकिड्यांच्या थव्यासारखा कर्कश आवाज येई. आम्ही कानांवर हात ठेवायचो, तो गाणं ऐकावं तसा ऐकायचा.

"थांबा सर, बोलायलंय ते."

मग एकदम डोळे उघडून, "न्हाई, अडखळलं," म्हणत टेप मागं घ्यायचा. पडद्यावर तोवर काहीच आलेलं नसे. मिनिटभरानं मशीन तेच इंग्रजीत सांगायचं.

सगळे त्याला अण्णा म्हणत. गुलबर्ग्यात गल्लीला एक अण्णा असतो, तुम्हीही पाहिला असेल. ज्याला न विचारता कुणी फ्यूजसुद्धा बदलत नाही, तसा. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करत असे. आता लिहायला बसलो तर एकेरीच येतं आहे.

मशीन माझं होतं. हे आधीच सांगतो, कारण तेव्हाही मी ते फार वेळा सांगत असे. माझ्या मेव्हण्यानं ते मस्कतहून आणलं. जाड पुस्तकाएवढा कीबोर्ड, त्यातच सगळा कॉम्प्युटर. पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा आणि केलेलं काम साध्या गाण्यांच्या कॅसेटवर साठवायचं. मी कॉलेजात मराठी शिकवायचो. अण्णा तिथल्याच फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होता. मी माहितीपुस्तक दोनदा वाचलं, समासात टिपा काढल्या. त्यानं ते उघडलंही नाही. आल्या आल्या कीबोर्डवर तळहात ठेवून म्हणाला, "गरम किती व्हायलंय हो हे!" आणि अर्ध्या तासात माझं नाव पडद्यावर वरून खाली पळू लागलं. नाव माझंच होतं. तरी मला ते आवडलं नाही.

माझी एक वही होती. आमच्या सीमेवरच्या तालुक्यांतल्या मराठीचे शब्द मी बारा वर्षं तिच्यात उतरवत होतो. मादन हिप्परग्याच्या बाजारात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत. येरवाळी म्हणजे दिवस आहे तोवर. झाकड म्हणजे संध्याकाळचा अंधूक उजेड. एकदा मी ती वही अण्णाला दाखवली, ते थोडं मोठेपणा मिरवायलाच. त्यानं सावकाश सगळी पानं उलटली.

"सर, हे मशीनमध्ये घालू या."

"त्याला मराठी कुठं येतं?"

"येत न्हाई तर शिकवू की."

त्या दिवसापासून दर रविवारी, सकाळचे कार्यक्रम संपून टीव्ही मोकळा झाला की तो येऊ लागला. आडवी आठ आणि उभी आठ घरं आखून त्यात एकेक अक्षर भरायचा. कुठलं घर काळं, कुठलं पांढरं, ते आकड्यांत मशीनला सांगायचा. 'ळ'ला तीन रविवार लागले. "ह्याचं पोट मावंना झालंय, सर," म्हणाला. मावलं तेव्हा त्यानं दोन कप चहा मागून घेतला.

आणि मग एका रविवारी येरवाळी हा शब्द पडद्यावर ठसठशीत उभा राहिला. माझी बायको कुसुम स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. ती करजगीची, सीमेवरच्याच गावची. पडद्याकडे बघून खळाळून हसली.

"अगंबाई! हे तर माझी आई म्हणायची!"

"अजून काय काय म्हणायच्या, अक्का?" अण्णानं विचारलं.

ती तिथंच खाली बसली. माळवं म्हणजे भाजीपाला, उलीसं म्हणजे थोडंसं. एकामागून एक सांगत सुटली. बारा वर्षं माझी वही तिच्या डोळ्यांसमोर होती. तिनं मला एकही शब्द कधी दिला नव्हता. मी म्हणालो, "हे मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कधी विचारलात?" ती म्हणाली आणि वळून अण्णाला म्हणाली, "अण्णा, आणखी एक घाला की."

शेजारचे लोक बघायला येऊ लागले. जाताना म्हणायचे, "अण्णाचे शब्द लई झाक आहेत हां, सर." अण्णाचे शब्द! तो दुरुस्त करायचा, "शब्द सरांचे हायती." पण त्याच्या त्या दुरुस्तीचाही मला राग येई. मोठ्या मनाचं असणं त्याला किती सोपं जात होतं.

तीन वर्षं असे रविवार गेले. अडीच हजार शब्द पाच कॅसेटींवर चढले. मशीन भरलं. अण्णा म्हणायचा, "घाई करू नका. ह्याची मेमरी वाढवायला जमतं का बघतो." मला तेवढं ऐकूनच सुचलं. चौपट मेमरीचं नवं मशीन मी आणायचं, पुस्तक वाचून मी चालवायचं आणि रविवारी त्यानं नुसतं बघायला यायचं.

हैदराबादचा एक विक्रेता जुन्याच्या बदल्यात नवं देत असे. सोलापूरला जाताना तो वाटेत उतरणार होता. मी त्याला खंडेनवमीलाच बोलावलं. कारण त्या दिवशी अण्णा निर्ण्याला, आपल्या गावी असायचा. शेतातली अवजारं पूजेला मांडायची असत.

आमच्याकडे नवमीला ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा होते आणि पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावरच चालवतात. कुसुमनं मशीनला हळदकुंकू लावून झेंडू वाहिला होता. विक्रेत्यानं स्वतःच विचारलं, "एखादी कॅसेट लावून बघायची का? शक्यतो चालतात, पण बघितलेलं बरं."

"आज नवमी. आज चालवत नाही," मी म्हणालो.

खरं तर मला भीती वाटत होती. कॅसेट चालली नसती तर अण्णाची वाट पाहावी लागली असती. नवमी माझ्या सोयीची निघाली. जुनं मशीन कुंकवासकट पिशवीत गेलं आणि त्याच्या पाटावर नवं बसलं.

दसऱ्याला संध्याकाळी अण्णा सोनं म्हणून बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन आला. माझ्या हातावर ती ठेवून वाकला आणि उठता उठता त्याला नवं मशीन दिसलं.

"अरे वा! कॅसेट लावलाव?"

"तुमचीच वाट बघत होतो," मी म्हणालो. माणूस खोटं किती सहज बोलतो.

त्यानं पहिली कॅसेट लावली. डोळे मिटले, बोट वर धरलं. आवाज नीट होता, अडखळला नाही. प्रोग्रॅम आत गेला, आणि पडद्यावर अक्षरांच्या जागी काळे-पांढरे ठिपके आले. फाटक्या गोधडीसारखे. मग मशीन अडकून बसलं. दुसरी कॅसेट, तिसरी. पाचही कॅसेटींचं तेच झालं.

त्यानं शेवटची कॅसेट बाहेर काढली. मग मला समजावं म्हणून सावकाश बोलला, "जुन्यात आपण अक्षरं ज्या खोलीत ठेवली होती ना सर, ह्यात त्या खोलीत दुसरंच कोणतरी राहतंय. आपण तिथं सामान टाकायलाव म्हणून ते अडायलंय. जुनं मशीन आणा. त्याच्यावर आकडे बघून एकेक हलवू."

"जुनं दिलं."

"कवा?"

"काल."

"काल नवमी होती. नवमीला कामून आणलाव, सर?"

"मुहूर्त होता," मी म्हणालो.

नवी वस्तू दसऱ्याला घेतात, नवमीला कुणी घेत नाही. आमच्याकडे हे लहान पोरालाही माहीत असतं. अण्णानं माझ्याकडे एकदाच पाहिलं.

"व्हय," म्हणाला. "मुहूर्त असंल."

आणि पहिल्या अक्षरापासून पुन्हा आखायला बसला. कुसुम मात्र दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शब्द माझ्या वहीत सुखरूप होते. आता ते फक्त तिथंच होते, अगदी मला हवे तसे. ती वही मी उघडून बसलो की घरात कुणी फिरकत नसे.

अर्धी अक्षरं झाली आणि अण्णाला कावीळ झाली. तो निर्ण्याला गेला. आठवड्यानं एका विद्यार्थ्याबरोबर निरोप आला, सरांना म्हणावं, एकदा या.

कुसुम म्हणाली, "उद्याच जा."

मी म्हणालो, "या रविवारनंतर जातो."

कारण मी पुस्तक घेऊन बसलो होतो. त्यानं अर्धी केली होती, उरलेली मी करणार होतो. सगळी पुरी करूनच त्याच्यासमोर उभं राहायचं आणि सहज म्हटल्यासारखं सांगायचं, "झाली हो अण्णा, ती अक्षरं." त्याचा पडलेला चेहरा मला बघायचा होता. आजारी माणसाचा. तीन रविवार मी तेच करत होतो. चौथ्या रविवारी 'ळ' साधला, बरा साधला. मी कुसुमला हाक मारली. ती दारात आली, पण पडद्याकडे तिचं लक्ष नव्हतं. निर्ण्याहून माणूस आला होता. अण्णा पहाटेच गेला होता.

मी पोचलो तेव्हा सगळं उरकून लोक परतले होते. ओसरीवर त्याची थोरली बहीण बसली होती. मी नाव सांगितलं तशी तिनं मान वर केली.

"लई वाडुळ लावलाव, सर," ती म्हणाली. "त्यो दाराकडं बघायलता."

वाडुळ. खूप उशीर. हा शब्द माझ्या वहीत नव्हता. इतक्या वर्षांच्या सवयीनं माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. तिनं ते पाहिलं.

"लिवा की," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "सर आले की त्यांच्यासमोर मोकळं बोल, ते लिवतेत, म्हणला हुता त्यो."

पेन हातात आलं होतं. त्याचं टोपण काढणं मला जमलं नाही. आतून कुणीतरी तांब्याभर पाणी आणून माझ्यापुढं ठेवलं आणि मी ते पेन मुठीत लपवून तिच्यासमोर जमिनीवर बसलो.