काकांची एकोणिसावी पाटी

काकांच्या पाट्या पुसायच्या नाहीत, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. मी मात्र पुण्य कमवायला गेलो आणि जुन्या वाफेच्या इंजिनाची त्यांची लाडकी पितळी नंबरपाटी लिंबू लावून लख्ख घासली.

काका पाणीपुरवठा कचेरीत कारकून. इंजिन त्यांनी लांबूनच पाहिलेलं, कारण धुराने त्यांना खोकला येतो. तरी भंगारवाल्याकडून आणलेल्या एकोणीस पाट्या बैठकीत टांगून ते पाहुण्यांना बजावत, "शंभर वर्षांची काजळी आहे, हात लावू नका."

ती काजळी माझ्या फडक्यावर उतरली, तेव्हा तिला बूटपॉलिशचा वास येत होता. पाटीवरचे आकडे नुसते डकवलेले निघाले. उलटून पाहिलं, तर मागे चक्क काकूचं नाव कोरलेलं.

काकू पिठाच्या हातांनीच बाहेर आली. "ही तर माझी परात. शेजारच्या वहिनींनी नेली ती परत दिलीच नाही, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

काका चष्मा पुसत म्हणाले, "अठराव्या पाटीच्या बदल्यात भंगारवाल्याला दिली होती."

"आणि तिचाच तुकडा एकोणिसावी म्हणून विकत आणलात?"

"ओळखू आली नाही."

"चार वर्षं मी त्या माउलीशी बोलले नाही. जा, आधी माफी मागून या."

त्याला महिना झाला. काका रोज चपला घालतात, फाटकापर्यंत जातात आणि "त्या घरी नाहीत वाटतं," म्हणत परततात. वहिनी समोरच्या खिडकीत भाजी निवडत बसलेल्या असतात.