पहिलीचं नाव

मारादी शहराच्या दक्षिणेला, जिथून नायजेरियाची हद्द पायी गाठता येते, त्या गावात डेलूसारखी मर्यादेची बाई नाही, असं जुनी माणसं सांगत. पंधराव्या वर्षी तिला माहेरी पहिली पोर झाली. पहिल्या लेकराचं नाव आईनं घ्यायचं नसतं, चारचौघांत त्याला जवळही घ्यायचं नसतं. ही लाज पाळते ती खरी कुळवंत. डेलूनं ती अशी पाळली की पोर रडू लागली की ती उखळात मुसळ अधिक जोरानं घाली. पोर मंगळवारी जन्मली म्हणून लोक तिला तबावा म्हणत. घरातल्याच आजीनं, डेलूच्या सासूनं, वाढवली. डेलू तिला नुसतं "ए पोरी" म्हणे, तेही दुसरीकडं बघून.

तीच तबावा शिकली, तिला माणसं मोजायचं काम मिळालं, आणि घरं घेत घेत एका सकाळी ती डेलूच्या अंगणात आली. सोबत राजधानीचे साहेब होते, सुमाना. चटईवर टेकत ते म्हणाले, "पलीकडं नायजेरियात बाईला पाच पोरं, वर अल्जीरियात तीन, आणि आपल्याकडं सात! मरणं कमी झाली, जन्म मात्र तेवढेच. शेजाऱ्यांची वस्ती चालत वाढतेय, आपली पळत. म्हणून एकही पोर सुटायला नको. मोजलंच नाही तर शाळा बांधायच्या किती?"

"साहेब, तुमच्या घरी किती?" डेलूची सवत राकिया म्हणाली.

"नऊ," साहेब पुटपुटले. अंगण हसलं.

तबावानं कागदावर झुकलेली मान उचलली नाही. "किती बाळंतपणं झाली?"

"सहा," डेलू म्हणाली.

"गेलेली किती?"

"दोन. इल्ला आणि सआदे." मेलेल्यांची नावं सहज आली.

तबावानं सहा लिहिले.

"अगं बाई, सातवी तर लेखणी धरून बसलीय की!" राकिया खिदळली.

साहेब हसले नाहीत. "तबावा, तुझ्याच घरात माणूस सुटतं? मग परक्या घरात काय मोजणार तू?"

"आई सांगेल तेच लिहायचं, हा तुमचाच नियम, साहेब."

"मग आईनं सांगावं. नाहीतर वही दुसऱ्याच्या हाती देतो."

ओट्यावर सासू खाकरली. डेलूनं डोईवरचं फडकं तोंडावर ओढलं आणि कणगीकडं तोंड फिरवलं.

"सात," ती म्हणाली. "पहिली... तबावा."

सासू उठून आत गेली. कधी उच्चारलंच नव्हतं, म्हणून ते नाव तोंडातून कोंड्यासकट आलेल्या बाजरीसारखं खरखरीत निघालं.

लेकीनं ते लिहून घेतलं. मग कागदावर होतं तसं, त्याच आवाजात विचारलं, "जिवंत की मयत?"

लोकांपुढं लाज जाईल, एवढी तयारी डेलूनं केली होती. ही लाज निराळी होती. बावीस वर्षं डोळ्यांपुढं वावरलेली पोर हे विचारत होती, आणि विचारताना तिचा आवाज जरासुद्धा अडखळला नव्हता.

"जिवंत," डेलू कणगीलाच म्हणाली.

तबावानं खूण केली, वही मिटली. साहेबांमागोमाग तिची पावलं पुढच्या घराकडं निघाली. एकदा वळून तिच्याकडं नीट बघावं, असं डेलूला फार वाटलं. पण आता कुठल्या तोंडानं बघणार?