भुयारवालीतला पाचवा

जानेवारीत ग्वाल्हेरला दुपारी चारच्या सुमारास किल्ला नाहीसा होतो. सकाळी तो असल्याची नुसती वदंता असते. दुपारी घटकाभर उन्हाची एक फिकट, पाण्यात कालवलेल्या हळदीसारखी तिरीप त्याच्या तटावर रेंगाळते, आणि मग कुणी ओल्या फडक्यानं पाटी पुसावी तसं धुकं त्याला पुसून टाकतं. डोक्यावरचा एवढा थोरला डोंगर गेला तरी खाली कुणाला काही वाटत नाही. पाटणकर बाजारात रिक्षांचे भोंगे वाजत राहतात, गजक कुटणाऱ्यांच्या लाकडी हातोड्यांचा ठेका चुकत नाही, भाजलेल्या तिळांचा आणि गुळाचा वास धुक्यात अडकून जमिनीलगत हिंडत असतो. मला मात्र त्या वेळी लहानपणापासून एक शंका येते, की जे दिसत नाही ते खरोखर तिथेच थांबलेलं असतं, की आपली पाठ वळली की तेही कुठे तरी जाऊन येतं?

आमचं मराठी वाचनालय या बाजारामागच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आहे. वर जाणारा जिना दगडी, अरुंद आणि आंधळा. मधल्या वळणावरचा दिवा माझ्या आठवणीत कधी लागलेला नाही. लहानपणी तो जिना चढताना मी शीळ वाजवीत असे, आणि लोकांना वाटे, पोरगं मोठं रंगेल निघालं. वस्तुतः शीळ घालताना दात वाजत नाहीत, एवढंच त्यातलं इंगित होतं.

या वाचनालयाची एक जुनी रीत आहे. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी दहा ते चौदा वर्षांची मुलं एकेक करून लाकडी स्टुलावर उभी राहतात आणि आपल्याहून लहानांना एका पुस्तकाची शिफारस करतात. पुस्तक हातात हवं, बोलणं होता होईतो मराठीत हवं, आणि शेवट सांगायचा नाही. ज्याची शिफारस मनात भरेल त्याच्यापुढे लहानांनी जाऊन हात पसरायचा. ते पसरलेले हात हेच बक्षीस. यंदा पाहुणा म्हणून खुर्चीवर मी होतो. ठरलेले पाहुणे सर्दीनं आडवे झाले होते, आणि थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरात मी रविवारी रिकामा असतो ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

खिडकीच्या गजांतून धुकं आत डोकावत होतं. कपाटांतून डांबराच्या गोळ्यांचा आणि जुन्या कागदाचा गार वास येत होता. तेवढ्यात अथर्व नावाचा, आवाज नुकताच फुटू लागलेला तेरा वर्षांचा मुलगा स्टुलावर चढला आणि त्यानं छातीशी धरलं ते पुस्तक मी लांबूनच ओळखलं. तांबड्या कापडाच्या बांधणीतली ती साहसकथा. मुखपृष्ठ आणि पहिली पानं केव्हाच गळालेली, त्यामुळे तिचं नाव कुणाला ठाऊक नाही, कर्ता कुणाला ठाऊक नाही. पिढ्यान् पिढ्या सगळे तिला ‘भुयारवाली’ म्हणतात. चार मुलं एका किल्ल्यावरच्या बावडीतून, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीतून, भुयारात शिरतात, एवढंच तिचं कथानक. किल्ला कुठला ते लेखकानं सांगितलेलं नाही, पण आमच्याकडे प्रत्येकाला तो आपलाच वाटतो.

“ह्यात चार दोस्त असतात,” अथर्व म्हणाला, “आणि पाचवा वामन. वामन सबसे छोटा. चष्मेवाला. सगळे त्याला डरपोक म्हणून चिडवतात. पण भुयारात कंदील विझतो ना, तेव्हा तोच मागे थांबतो आणि शीळ वाजवतो, म्हणजे बाकीच्यांना अंधारात रस्ता समजावा. ते पुढे जात राहतात, आणि तो वाजवतच राहतो. बस, आगे नहीं बताऊंगा!”

लहानांच्या घोळक्यातून एक लांब सुस्कारा निघाला. मी कप खाली ठेवला. कारण त्या पुस्तकात वामन नाही. वामन मी केला होता.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी याच स्टुलावर उभा होतो. शरयूताई तेव्हाही ग्रंथपाल होत्या. तेव्हा पंचविशीच्या होत्या, आता सत्तरीच्या आहेत, आणि शाल सोडली तर फारसा फरक पडलेला नाही. माझ्या हातात भुयारवाली होती, आणि मी ती अर्धीच वाचली होती. ज्या प्रकरणाच्या शेवटी कंदील विझतो, त्या पानावर मला अशी काही धडकी भरली की पुस्तक मिटून मी ते पिठाच्या डब्याखाली दडपून ठेवलं होतं. वर डबा असला म्हणजे आतून कुणी बाहेर येणार नाही, असा माझा अकरा वर्षांचा हिशेब. आता बोलता बोलता कंदील विझण्यापर्यंत आलो, आणि पुढे माझ्या डोक्यातही अंधार. “मग?” शरयूताईंनी विचारलं. समोरच्या भिंतीवर वामनावताराचं चित्र असलेली दिनदर्शिका होती. मी म्हणालो, मग वामन मागे थांबतो. कोण वामन, म्हणाल तर चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेला, काटकुळा, भित्रा असा एक मुलगा, जो नेमका त्या क्षणी शूर होतो. हे वर्णन कुणाचं होतं ते त्या खोलीत सगळ्यांना दिसत होतं, मला सोडून. पुढे काय होतं ते मात्र सांगता येत नाही, शेवट सांगायचा नाही असा नियमच आहे, असं म्हणून मी स्टुलावरून उतरलो. त्या दिवशी माझ्यापुढे पसरलेल्या हातांची गर्दी मला अजून आठवते. पुढे आयुष्यात इतके हात माझ्यापुढे कधी आले नाहीत. आले ते सही घेण्यासाठी नव्हे, फाइल घेण्यासाठी आले.

मला वाटलं होतं, पहिलाच मुलगा पुस्तक वाचील आणि माझं बिंग फुटेल. फुटलं नाही. वामन सापडला नाही असं जो म्हणेल, त्यानं पुस्तक नीट वाचलं नाही असं ठरेल, या भयानं असेल. किंवा ऐकलेली शिफारस इतकी गोड लागली की पुस्तक उघडायची गरजच उरली नाही, म्हणून असेल. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी तरी वामनासकट शिफारस केली, त्याच्या पुढच्या वर्षी तिसऱ्यानं. घराघरांतली मराठी विरळ होत गेली, पुस्तकाची पानं कमी उलटली जाऊ लागली आणि वामन मात्र दर संक्रांतीला बोटभर वाढत राहिला. यांपैकी काहीच मला ठाऊक नव्हतं. बिंग फुटेल या धास्तीनं मी संक्रांतीच्या रविवारी इथे पुन्हा फिरकलोच नव्हतो, आणि मग नोकरीत, बदल्यांत, संसारात होतो. आणि तो इथे, त्या अंधारात, एकटा शीळ घालीत उभा होता.

अथर्वनंतर रेवा उठली. बारा वर्षांची, माधवगंजातली. घरी सगळे हिंदीतच बोलतात, त्यामुळे मराठी ती ओळीखाली बोट ठेवून, सावकाश वाचते. तिनं अथर्वच्या हातून भुयारवालीच घेतली आणि ती स्टुलावर चढली.

“मी ही तीनदा वाचली,” ती म्हणाली. “ह्यात वामन नाही आहे.”

हशा पिकला. “अरे, पूरी पढी ही नहीं होगी!” अथर्व म्हणाला. “बोट ठेवून ठेवून वाचते, मग वामन निघून जातो पुढे!”

रेवा हसली नाही. “सगळ्यांना दिसतो,” ती म्हणाली. “ह्याला दिसतो, मागच्या साली दादाला दिसला होता. फक्त मलाच नाही दिसत. असं का?” तिचा आवाज अगदी लहान झाला होता. मग ती माझ्याकडे वळली. “काका, तुम्ही तर पढली आहे ना? तुम्ही सांगा. आहे का वामन?”

माझ्या आयुष्यात चुकांची वानवा नाही. साहेबांच्या मुलीच्या लग्नात दुसऱ्याच मांडवात जेवून, आहेर ठेवून आलेला माणूस मी. पण त्या सगळ्या घोटाळ्यांत मी स्वतः तोंडघशी पडत आलो, दुसरं कुणी पडलं नाही. त्या क्षणी वीस-पंचवीस मुलांचे डोळे माझ्यावर होते, खुर्ची पाहुण्याची होती, आणि मी घसा साफ करून, चांगल्या भारदस्त आवाजात म्हणालो, “असतो. नीट बघ.”

रेवाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. एखाद्याला तू इथे नाहीस असं सांगावं तशी ती स्टुलावरून उतरली.

मग गजक वाटली गेली, लहानांचे हात अथर्वपुढे पसरले, आईबाप येऊन मुलांना मफलरांत गुंडाळून नेऊ लागले. रेवा कपाटाच्या कडेला जमिनीवर बसली होती. मांडीवर भुयारवाली. पहिल्या उरलेल्या पानापासून तिचं बोट पुन्हा चालू लागलं होतं, चौथ्यांदा. ओठ हलत होते, आणि प्रत्येक पानाच्या शेवटी ती मान उचलून खोलीच्या कोपऱ्यांकडे पाहत होती, जणू पुस्तकात नसलेला तो तिथे कुठे तरी बसला असेल. स्वतःच्याच डोळ्यांवरचा विश्वास उडालेलं मूल इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं. आणि ते मी केलं होतं, दोनदा. एकदा अकराव्या वर्षी, अजाणता, आणि एकदा अर्ध्या तासापूर्वी, जाणूनबुजून.

छप्पन्नाव्या वर्षी स्टुलावर चढणं सोपं नसतं. गुडघा वाजला. राहिलेली मुलं थबकली. मी म्हणालो, “वामन ह्या पुस्तकात नाही. रेवानं बरोबर वाचलं. तो मी बनवला, तुमच्याएवढा होतो तेव्हा, कारण मी पुस्तक पुरतं वाचलं नव्हतं. आणि आत्ता मी पुन्हा खोटं बोललो.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. अथर्व माझ्याकडे अशा नजरेनं पाहत होता, जणू मी त्याचा मित्र मारला आहे. “मग शीळ कोण वाजवतो?” त्यानं विचारलं.

शालीच्या आतून शरयूताई म्हणाल्या, “मुकुंदा, शेवट वाचलास का रे अजून?”

“नाही,” मी म्हणालो. तेव्हाही नव्हता आणि नंतरही नाही. पिठाचा डबा अजून वरच होता म्हणायचा.

रेवा उठली. “म्हणजे मी बरोबर वाचलं होतं,” असं ती आधी स्वतःशीच म्हणाली, दोनदा म्हणाली, आणि तिच्या खांद्यांतून काही तरी खाली उतरलेलं मला दिसलं. मग स्टुलाजवळ येऊन तिनं पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं आणि इतरांना दिसू नये म्हणून तळहाताचा आडोसा केला. नियम म्हणजे नियम. तिच्या बोटाखालची ओळ मी वाचली. नियम मोडून तुम्हाला सांगतो. चारही मुलं पहाटे बावडीच्या पायऱ्या चढून वर येतात, सुखरूप. उन्हात उभी राहून मागे पाहतात. आणि कोरड्या दगडांवर, खालच्या पाण्यापासून वरपर्यंत, ओल्या पावलांच्या पाच रांगा असतात. इथे पुस्तक संपतं.

“म्हणून तर मला डर वाटला,” ती कुजबुजली. “तो कुठेच नाही, काका. मी प्रत्येक ओळ बघितली. आणि पावलं आहेत.”

लेखकाची मोजणी चुकली असेल. किंवा त्याच्या मनात कुणी पाचवा असेल आणि त्यानं तो लिहिला नसेल. त्याला विचारावं तर पहिल्या पानाबरोबर त्याचं नावही गेलेलं. मी एवढंच जाणतो की ते पान मी कधी उघडलं नव्हतं, आणि तरीही त्या पाचव्या रांगेत चालणारा कुणी तरी मला अकराव्या वर्षी या स्टुलावर, दिनदर्शिकेकडे पाहताना, सुचला होता.

बाहेर संध्याकाळ झाली होती. अथर्व, त्याच्या दोन चुलत बहिणी आणि रेवा, चौघांना मी बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत सोडायचं ठरलं. जिन्यावर नेहमीचा अंधार. मुलं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून पुढे उतरली आणि मी शेवटी, भिंत चाचपीत, आणि वळणावर केव्हा शीळ घालू लागलो ते मला कळलंच नाही. खाली चौघांचीही पावलं क्षणभर थांबली. मग पुन्हा उतरू लागली, जरा धीरानं.

गल्लीत धुक्याचा एक पांढरा लोट उंबऱ्याशी उभा होता. रेवा सगळ्यांत पुढे जाऊन वळून उभी राहिली आणि बाहेर येणाऱ्या एकेकाला बोटानं मोजू लागली, जशी ती ओळी मोजते तशी. एक. दोन. तीन. आपल्याच छातीला बोट लावून चार. मग मी बाहेर पडलो. माझा चष्मा धुक्यानं भरला होता, ओठ अजून शिळेसाठी मुडपलेले होते. तिनं माझ्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं.

“पाच,” ती म्हणाली.

मुलं चालू लागली. गजकचा वास पुन्हा आला, कुठे तरी हातोड्यांचा ठेका सुरू झाला. एकदा मागे वळून जिन्याकडे पाहावंसं मला फार वाटलं, पाहिलं नाही. पायऱ्या कोरड्याच असतील, असं मी अजून धरून चालतो.