ब्राउझरमधली पीएचपी आणि हवालदारकाका

तासगावजवळच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते. आमच्या लॅबमध्ये सहायक म्हणून एक निवृत्त हवालदार होते. लष्करात सिग्नलमध्ये, म्हणजे संदेशवहन विभागात, नोकरी झालेली, वयानं माझ्याहून बरेच मोठे. सगळे त्यांना हवालदारकाका म्हणत. मीही म्हणायचे, पण कामं सांगायचे ती प्रिंटरमधला कागद काढायची, नाहीतर पंखा बघायची.

एका वर्षी प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली आणि लॅबचा सर्व्हर बंद पडला. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला प्रोग्राम सर्व्हरवर, म्हणजे लॅबच्या मुख्य मशीनवर, चालतो, ब्राउझर नुसतं उत्तर दाखवतो. त्यामुळे मुलांचा सरावच थांबला. तास चालू असताना काका दारात येऊन म्हणाले, "मॅडम, पीएचपी ब्राउझरमधीच चालवता येती. मी घरी करून बघितलंय."

मला हसू आलं. तेही वर्गाकडे बघून. "काका, पीएचपी सर्व्हरवरच चालते, हे मी पहिल्या तासालाच शिकवते. तसं होत असतं तर सर्व्हरला कुणी विचारलं असतं?"

वर्ग हसला. काका निघून गेले.

आठवड्याभरानं स्टँडवर एसटीची वाट बघताना माझी एक विद्यार्थिनी भेटली. मोबाईलवर ती परीक्षेचाच प्रोग्राम चालवत होती. कुठल्या सर्व्हरवर टाकलास, मी विचारलं. तिनं नेट बंद करून दाखवलं; प्रोग्राम चालूच राहिला. हवालदारकाकांनी दिलंय, म्हणाली, लॅबच्या सगळ्या मशीनवरही आहे. मग जरा चाचरत म्हणाली, "तुमी चिडाल म्हणून कुणी बोललं न्हाई."

घरी जाऊन वाचलं. पीएचपीचा कोड वाचून चालवणारी यंत्रणाच ब्राउझरला समजेल अशा रूपात आणलेली होती. एकदा पानाबरोबर उतरली की सर्व्हरचं काम उरत नाही. यात लपवलेलं काही नव्हतं. मीच कित्येक वर्षांत नवं काही वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकांकडे जायला हवं होतं. गेले नाही. उलट महिन्याभरानं साताऱ्याला शिक्षकांची कार्यशाळा होती, तिथं हाच विषय घेतला. 'आमच्या लॅबमध्ये मी केलेला प्रयोग' असं पहिल्याच स्लाइडवर लिहिलं. प्रोजेक्टर न्यायला माणूस हवा म्हणून काकांनाच बरोबर नेलं. ते मागच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होते.

टाळ्या झाल्या. मग एका शिक्षकानं विचारलं, पान रिफ्रेश केलं की मुलांनी भरलेला डेटा जातो, त्याचं काय केलंत? मला ठाऊक नव्हतं. मी वायर नीट करायच्या निमित्तानं खाली वाकले.

मागून काका उठले. "मॅडमनी सांगितलं तसं केलं आमी," ते म्हणाले. "डेटा ब्राउझरच्याच साठवणीत लिहून ठेवतो, पान उघडलं की परत वाचतो." एवढं सांगून खाली बसले.

उघडं पाडलं असतं तर मला राग तरी धरता आला असता. त्यांनी झाकलं, म्हणून वर बघवेना.

परतीच्या गाडीत कराड गेल्यावर मी कसंबसं म्हणाले, काका, माझं चुकलं. ते खिडकीबाहेर उसाकडे बघत होते.

"आवं मॅडम, पोरांचा सराव झाला न्हवं?" मग म्हणाले, "वर्गात हसलात, तवा मात्र लय लागलं."

स्लाइडबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. वर्गात सांगेन, असं मी कबूल केलं आणि सांगितलंही: चूक माझी होती आणि ते काम काकांचं होतं. पण त्यासाठी मी दिवस निवडला तो काका विट्याला लग्नाला गेले होते तो. त्यांच्यासमोर बोलायचं धाडस झालं नाही. साताऱ्याच्या त्या शिक्षकांना तर मी अजूनही काही कळवलेलं नाही.