बाबांच्या डोक्याचा डाग

मेलेल्या माणसाची खुर्ची रंगवायला परवानगी कोणाची लागते?

मला वाटलं होतं, कोणाचीच नाही. आणीबाणी संपून पाचेक वर्षं झाली होती. बाबा नुकतेच गेले होते, आणि त्यांनी धानाच्या ढोलीत दडवलेल्या पत्रकांवर वाढलेली मी, मृतांच्या वस्तू पुजणं म्हणजे मागासपणा, असं आईला तिसऱ्याच दिवशी ऐकवून मोकळी झाले होते.

खुर्ची सागवानी, लाखेच्या चपड्याचं पॉलिश केलेली. शेतमजुरांची पत्रकं वाचताना बाबा मान डावीकडे टेकवत. डोक्याला रोज खोबरेल. पाठीच्या वरच्या फळीत तळहाताएवढा काळा डाग मुरला होता. दिवेलागणीला आई त्यावर हात ठेवून उभी राहायची. मला ते बघवत नसे.

चळवळीतलं आमचं अभ्यासमंडळ घरी भरणार होतं. मी एसटीनं लाखांदूरला जाऊन लाल ऑइल पेंटचा डबा आणला.

"काहून वो, खुर्चीनं तुयं काय बिघडवलं?" आई म्हणाली.

"रंगानं लाकूड टिकते. वाळवी लागत नाही."

"इतके दिवस लागली का?"

मी रंग दिला. सगळी खुर्ची वाळली, डाग तेवढा ओला. चौथ्या दिवशीही बोटाला लाल लागे. मंडळातला एक जण टेकून बसला आणि उठला तेव्हा त्याचे मागचे केस रंगले होते. सगळे हसले. आईही हसली, पदर तोंडाला लावून.

"तुया बाबानं जागा सोडली नाही अजून."

बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती. मी मात्र चिडले. घरात अंधश्रद्धा वाढू द्यायची नाही, म्हणून ती फळी टर्पेंटाइननं पुसली, सोड्याच्या पाण्यानं धुतली, वाळवली, कोरं लाकूड दिसेपर्यंत पॉलिश पेपरनं घासली. खाली पडणाऱ्या भुकटीला खोबरेलाचा वास होता. तरी मी थांबले नाही. रंगाचा नवा हात दिला. तो वाळला.

संध्याकाळी आईनं फळीवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला, काही शोधल्यासारखा.

"आता कोणाचीबी झाली," म्हणाली.

त्यानंतर ती खुर्चीपाशी उभी राहिली नाही.

रंग अजून पक्का आहे, कुठे पोपडा नाही. दिवेलागणीला मात्र त्या खोलीत खोबरेलाचा वास येतो. एकही पत्रक मला त्याचं उत्तर देत नाही.

तुमच्या घरी अशी खुर्ची असेल तर ब्रश बुडवण्याआधी घरात विचारा, तिथे हात कोण ठेवतं. आणि तेवढी फळी सोडून रंगवा.