एकादशीचं पॅकेज

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत मी देवासला एका हिंदी वर्तमानपत्रात बातम्यांची काटछाट करत असे आणि उरलेल्या वेळात लिनक्स या मोफत संगणकप्रणालीच्या एका वितरणासाठी, म्हणजे तिच्या एका तयार संचासाठी, पॅकेज (त्यातला एखादा बांधलेला प्रोग्राम) सांभाळायला शिकत असे. हे काम जगभरचे हौशी लोक फुकट करतात आणि एकमेकांशी फौजदारासारखे वागतात. उमेदवाराने एखादा प्रोग्राम नीट बांधून द्यायचा, जाणत्याने तो तपासायचा. तो पास झाला तरच उमेदवाराला आत घेतात.

माझा प्रोग्राम एकादशी काढणारा होता. तो लिहिला होता धारच्या काकासाहेबांनी. माझे हे चुलते गणिताचे निवृत्त शिक्षक. घराणं संस्थानी अधिकाऱ्यांचं. पंचांगकर्त्यांवर त्यांचा विश्वास नव्हता.

परदेशातल्या तपासनिसाने पॅकेज एका ओळीत परत पाठवलं: परवान्यात अट आहे. अट काकासाहेबांची होती. प्रोग्राम धर्मकार्यासाठीच वापरावा. मद्यविक्रेत्यांनी वापरू नये. वितरणाचा नियम नेमका उलटा होता: कोणीही, कशासाठीही वापरावा, बदलावा, विकावा. अट निघाली नाही तर माझी उमेदवारी तिथेच संपत होती. दुसरा प्रोग्राम माझ्याकडे नव्हता.

इंदूरला बस बदलून मी धारला गेलो.

"म्हणजे दारूच्या ठेकेदाराने वापरला तरी चालेल?" काकासाहेबांनी विचारलं.

"चालेल."

"आणि कोणी माझं गणित बदललं तर?"

"तेही चालेल."

"वाह भिया! घर हमारा, और ताला भी नहीं!"

काकीसाहेब शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, ठेकेदाराचं राहू द्या. घरात तुमचं मशीन बघून एकादशी कोण करतं? मीसुद्धा भिंतीवरचं कॅलेंडर बघते. ठेकेदार तरी वापरतोय का बघा."

काकासाहेब उठले. मग त्यांनी संगणक लावला, अट पुसली आणि तपासनिसाला तसं कळवलं. मेलमधलं इंग्रजी जहागीर बहाल करणाऱ्याच्या थाटाचं होतं.

पॅकेज आत गेलं, पाठोपाठ मीही.

पहिली तक्रार परदेशी स्थायिक झालेल्या एका मराठी माणसाची आली. त्याच्या गावची एकादशी चुकत होती. तिथी ठरते त्या-त्या गावच्या सूर्योदयावर; तपासलं, तर काकासाहेबांनी साऱ्या पृथ्वीवर धारचाच सूर्योदय धरलेला. त्या माणसाने दुरुस्तीही पाठवली होती: वापरणाऱ्याने आपलं गाव निवडायचं.

मी काकासाहेबांना फोन केला.

"त्याला म्हणावं, एवढी एकादशीची काळजी आहे तर परत ये."

मी दुरुस्ती लावली. त्यांना विचारलं नाही. आता विचारण्याची गरज उरली नव्हती.

नवी आवृत्ती त्यांनी स्वतःच उतरवून घेतली, गाव म्हणून धार निवडलं आणि वर्षभराच्या तिथ्या जुन्यांशी ताडून पाहिल्या. सगळ्या जुळल्या. लगेच त्यांचा फोन आला.

"पाहिलंस? माझं काहीही चुकलेलं नव्हतं."