स्वराचा दात आणि भावाचा बैल

राग अजून उतरलेला नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या भावाची मुलगी स्वरा नऊ वर्षांची आहे. उन्हाळ्यात पडली आणि तिचा पुढचा दात दुखावला. "दुधाचा हाय, पडंल," म्हणत घरच्यांनी त्यावर मिश्री लावली. दात पक्का होता. आता तो काळा पडलाय आणि हिरडीत पू झालाय.

आज घोडेगावला दातांच्या डॉक्टर म्हणाल्या, "दात आतून मेलाय, पण मूळ अजून पूर्ण वाढलेलं नाही. आत स्वच्छ करून औषध भरू. पुढच्या खेपेला मुळाच्या टोकाकडून थोडं रक्त आत येऊ देऊ. मूळ पुन्हा वाढू शकतं. खात्री नाही, पण काढायची घाई नको."

भाऊ म्हणाला, "काढूनच टाका मॅडम. खेपा कोण घालणार? लग्नाच्या टायमाला नवा बसवू."

माझा तोल गेला. "शर्यतीच्या बैलाचा खूर दुखावला, तवा गोठ्यात झोपत व्हतास ना रं?"

"ताई, बैलाचं येगळं असतंय."

"लई येगळं!"

औषध भरून घेतलं. पुढच्या खेपेला मीच नेणार आहे.

पण स्वरा खुर्चीत तोंड उघडं ठेवून सगळं ऐकत होती. तिच्यासमोर ओरडले, हे चुकलं का माझं? की गप्प बसले असते तर तिला बापाचंच खरं वाटलं असतं?